नागपूरचा टॉवर रद्द झाला, आता बुकिंगचे पैसे असे काढा

बिल्डरनं पाठवलेल्या फॉर्मवर आधी सही करू नका. बाकी सगळं नंतर.

मी आर्वीच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. फेरफार, वारस, रस्त्याचे वाद हे आमचं रोजचं काम. पण समृद्धी महामार्गात विरूळ भागातल्या लोकांची वावरं गेली, मोबदला आला, आणि त्यातल्या काहींनी नागपुरात 'भाड्याचं उत्पन्न' म्हणून दुकान किंवा फ्लॅट बुक केला. टॉवर भर शहरातला: खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. ब्रोशर चकचकीत, सँपल फ्लॅटमध्ये एसी. मग एक दिवस पत्र येतं की 'तांत्रिक कारणास्तव' प्रकल्प रद्द करण्यात येत आहे, सोबतचा फॉर्म भरून परतावा घ्यावा. लोक तो फॉर्म घेऊन माझ्या टेबलावर येतात. "काकाजी, सही करून देऊ का? लवकर पैसे भेटतील म्हनते."

नको देऊ बाप्पा. आधी तो फॉर्म वाचू. बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं की 'मी स्वेच्छेने माझे बुकिंग रद्द करीत आहे'. सगळी मेख या एका ओळीत आहे. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली (स्थावर संपदा अधिनियम) बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये ग्राहकानं स्वतःहून बुकिंग रद्द केलं, तर किती दिवसांनी रद्द केलं त्याप्रमाणे युनिटच्या किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत कपात करता येते. ४० लाखांच्या दुकानावर ती ८० हजार होते. तुम्ही दहा टक्के म्हणजे ४ लाख भरले असतील, तर हातात ३ लाख २० हजार. आता हेच प्रकरण 'बिल्डर ताबा देऊ शकत नाही' म्हणून मांडा. पूर्ण ४ लाख, वर व्याज. पैसे भरून तीन वर्षं झाली असतील आणि व्याज १० टक्के धरलं, तर ५ लाख २० हजार. एका सहीत २ लाखांचा फरक. आणि टॉवर तर त्यांनी रद्द केला, तुम्ही नाही. ही गोष्ट पहिल्या पत्रापासून शेवटच्या तारखेपर्यंत कागदावर तशीच राहिली पाहिजे.

का रद्द झाला, याच्यात डोकं घालू नका

भर शहरातला उंच टॉवर अनेक कारणांनी रखडतो. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत लागतं, अग्निशमन विभागाचं लागतं, जागेप्रमाणे महापालिका किंवा नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) मंजुरी लागते. दुकानं विकली गेली नाहीत तर बँक पुढचं कर्ज देत नाही. रो-हाऊस चार-चार करून बांधता येतात, टॉवरला तळघर खोदायच्या आधीच मोठा पैसा ओतावा लागतो. कारण खरंही असेल. पण तुमच्या परताव्याशी त्याचा संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ नोव्हेंबर २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, ठरल्या वेळेत ताबा दिला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे. अनपेक्षित घटना घडली, कोर्टाची स्थगिती आली, अशा सबबी त्याच्या आड येत नाहीत. त्यामुळे साइट ऑफिसमधला माणूस एफएसआय आणि मेट्रोची गोष्ट सांगायला लागला की चहा प्या आणि ऐकून घ्या. तुमच्या अर्जात मात्र त्यातलं एक वाक्यही लिहू नका.

कागद

घरी जाऊन पिशवी उलटी करा. अलॉटमेंट लेटर, एग्रीमेंट झालं असेल तर ते आणि त्याची सूची क्रमांक २ (नोंदणीचा उतारा), सगळ्या पावत्या, ब्रोशर, पेपरातली जाहिरात, रद्द झाल्याचं पत्र आणि ते ज्या पाकिटात आलं ते पाकीट. पाकिटावरचा शिक्का तारखेचा पुरावा असतो, लोक नेमकं तेच चुलीत घालतात. पैसे बँकेतून गेले असतील तर पासबुकाची नोंद आणि युटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक). पावती नसली तरी बँकेची नोंद पुरते. व्हॉट्सॲपवरची बोलणी नंबर दिसेल अशी छापून घ्या, आणि फोन बदलायचा असेल तर आधी चॅट ईमेलवर काढून ठेवा.

एका कागदावर तक्ता करा: तारीख, रक्कम, कशाने दिली, कुणाच्या खात्यात गेली. शेवटचा रकाना महत्त्वाचा. बुकिंग एका कंपनीच्या नावानं आणि पैसे दुसऱ्याच फर्मच्या खात्यात, असं मी पाहिलं आहे. असं असेल तर त्या फर्मचं नावही तक्रारीत आलं पाहिजे.

रोख दिलेल्या पैशांचं अवघड असतं. कच्ची चिठ्ठी, डायरीतली त्यांच्या हातची नोंद, 'कॅश मिळाली' असा मेसेज, यातलं काही असेल तर जोडा. काहीच नसेल तर ती रक्कम वेगळी दाखवा, बँकेच्या रकमेत मिसळू नका. नाहीतर समोरचा वकील त्या एका आकड्यावर बोट ठेवतो आणि पूर्ण तक्ता संशयात जातो.

नोंदणी होती की नव्हती

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. तो पी या अक्षरानं सुरू होतो आणि ब्रोशरवर असायलाच पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो मोबाइलनं स्कॅन केला की थेट पान उघडतं. जमत नसेल तर सेतूतल्या पोट्ट्याला सांगा. त्या पानावरून बिल्डरचं पूर्ण नाव, भागीदार, जमीनमालक, पूर्ण करण्याची तारीख, प्रकल्पाचं बँक खातं आणि किती युनिट विकली गेली हे सगळं छापून घ्या. आजच घ्या, नंतर पान बदलू शकतं.

'विकलेली युनिट' हा रकाना नीट बघा. फेब्रुवारी २०२३ पासून बिल्डरला प्रकल्पाची नोंदणी मागे घेता येते, पण त्यासाठी बुकिंग शून्य असावं लागतं किंवा बुकिंगवाल्यांचा हिशेब मिटवलेला असावा लागतो. तुमचे पैसे त्याच्याकडे अडकलेले आणि पानावर बुकिंग शून्य, असं दिसलं तर महारेराला लगेच लेखी हरकत पाठवा आणि पावतीची प्रत जोडा. हरकत वेळेत गेली तर बिल्डरला तुमच्याशी बोलावंच लागतं.

नोंदणीच नव्हती तर? ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागा आणि आठपेक्षा जास्त युनिट असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग घेणंच बेकायदा आहे. 'प्री-लाँच रेट' हे त्याचं गोड नाव. तरी तक्रार करता येते, नोंदणी नाही म्हणून दार बंद होत नाही. मनपा किंवा नासुप्रकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि परवानगी रद्द झाली असल्यास तो आदेश यांच्या प्रती मागा. 'या प्रकल्पाची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. उत्तराची मुदत तीस दिवसांची.

पत्र

पहिलं पत्र वकिलाचंच असलं पाहिजे असं नाही. मी लोकांना असं लिहून देतो:

'महोदय, मी आपल्या प्रकल्पात दुकान क्र. ___ दि. ___ रोजी नोंदविले. त्यापोटी एकूण रु. ४,००,००० भरले असून तपशील सोबत जोडला आहे. आपण दि. ___ च्या पत्राने सदर प्रकल्प रद्द केल्याचे कळविले आहे. मी माझे बुकिंग स्वेच्छेने रद्द केलेले नाही. आपण ताबा देण्यास असमर्थ ठरल्याने स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ चे कलम १८ अन्वये मी प्रकल्पातून बाहेर पडत आहे. भरलेली संपूर्ण रक्कम, प्रत्येक रकमेवर ती भरल्याच्या तारखेपासून नियमानुसार होणाऱ्या व्याजासह, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत माझे खात्यात जमा करावी. अंशतः रक्कम जमा केल्यास ती माझे उर्वरित हक्क राखून स्वीकारली जाईल.'

बस, एवढंच. रागाचं एकही वाक्य नको, 'शेतकऱ्याचा तळतळाट लागेल' असलंही नको, ते तोंडी बोला. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. अर्धे पैसे खात्यात टाकून 'विषय संपला' म्हणणारे असतात, त्यांच्यासाठी ते आहे. पत्र स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि साइट ऑफिसवर, दोन्हीकडे. सोबत ईमेल.

व्याजाचा दर बिल्डर ठरवत नाही. महाराष्ट्राच्या नियमात तो स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा मूळ दर) अधिक दोन टक्के असा आहे. गेल्या काही वर्षांत तो साधारण नऊ ते अकरा टक्क्यांच्या आसपास फिरला आहे. व्याज सरळ लावतात, चक्रवाढ नाही.

मग फोन येतो

पत्र पोचलं की ज्या माणसानं सहा महिने फोन उचलला नाही तोच 'भाऊ' म्हणून बोलायला लागतो. पहिली ऑफर ठरलेली: "आपल्या मिहानकडच्या स्कीममध्ये ॲडजस्ट करून देतो." नागपूरच्या भर वस्तीतल्या दुकानाच्या बदल्यात शहराबाहेरचा प्लॉट. घ्यायचाच असेल तर घ्या, कधी कधी तो खरंच बरा असतो. पण तो नवा व्यवहार समजा: त्याचा नोंदणी क्रमांक बघा, मालकीचे कागद बघा, आणि जुने पैसे नव्या एग्रीमेंटमध्ये 'मिळाले' म्हणून लिहून घ्या. माझं मत विचाराल, तर ज्यानं एक काम अर्धवट सोडलं त्याच्या दुसऱ्या कामात मोबदल्याचा पैसा घालू नये.

दुसरी ऑफर पुढच्या तारखांचे चेक. ते घ्यायला हरकत नाही, पण सोबत स्टॅम्पपेपरवर समझोता हवा: कोणता चेक, कोणती तारीख, एकही परत आला तर उरलेली पूर्ण रक्कम व्याजासह लगेच देणं. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. 'आता टाकू नको, पुढच्या महिन्यात टाक' असं म्हणत म्हणत मुदत उलटून जाते. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवसांत पैसे नाही आले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. इथे वकील लावाच, या तारखा चुकल्या की सावरणं अवघड.

मूळ पावत्या आणि मूळ एग्रीमेंट पैसे खात्यात जमा होईपर्यंत कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.

तक्रार कुठे टाकायची

महारेराची तक्रार ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये. सुनावणीही बहुतांशी व्हिडिओवर होते, त्यामुळे आर्वीहून मुंबईला खेट्या घालाव्या लागत नाहीत. गावात रेंज नसेल तर त्या दिवशी तालुक्याला येऊन बसा. वकील सक्तीचा नाही. स्वतः बोलता येतं किंवा सीएला अधिकार देता येतो. समोरच्या पक्षात बिल्डर कंपनी टाका, आणि जमीनमालक सहप्रवर्तक म्हणून दाखवलेला असेल तर त्यालाही टाका. हे नंतर वसुलीला फार कामी येतं. एग्रीमेंट नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेतले असतील, तर रेरा कायद्याच्या कलम १३ चा भंग म्हणून वेगळा मुद्दा लिहा. मागणीत मुद्दल, व्याज आणि तक्रारीचा खर्च एवढंच स्पष्ट मागा. मानसिक त्रासाची नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे, तो न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातो. त्यात परताव्याचं प्रकरण अडकवू नका.

फ्लॅट राहण्यासाठी घेतला होता आणि भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत होती, तर दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे आर्वीच्या माणसाला वर्धा जिल्हा आयोग चालतो. फीही कमी: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची. दुकानवाल्यांना इथे त्रास होतो. भाड्यानं देण्यासाठी घेतलेलं दुकान म्हणजे व्यापारी हेतू, असा आक्षेप हमखास येतो. रेरात दुकान आणि फ्लॅट असा भेद नाही. म्हणून दुकानवाल्यांना मी सरळ महारेराचीच वाट दाखवतो. दोन्हीकडे एकाच मागणीसाठी जाऊ नका.

बँकेचं कर्ज काढलं असेल तर बँकेला प्रकल्प रद्द झाल्याचं पत्र लगेच द्या, पण हप्ता थांबवू नका.

आदेश मिळाला, पैसे नाही

इथे लोक थकतात. आदेशाची प्रत लॅमिनेट करून ठेवतात आणि वाट बघतात. आदेशात दिलेली मुदत संपली की आदेश पाळला नाही म्हणून महारेराकडे पुन्हा अर्ज करायचा. मग वसुली वॉरंट निघतं आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, कारण रेराची रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. हा मात्र माझ्या घरचा विषय. सारा थकला की काय होतं हे तहसीलच्या आवारात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही: मागणीची नोटीस, मग जप्ती, मग लिलाव. कायदा तोच, १९६६ ची जमीन महसूल संहिता.

पण तलाठी-मंडळ अधिकाऱ्याला गावातलं वावर माहीत असतं, नागपूरच्या तहसीलदाराला बिल्डरची मिळकत माहीत नसते. कंपनीचं ऑफिस भाड्याचं, टेबल-खुर्च्या जप्त करून काय मिळणार? वॉरंट फायलीत पडून राहतं. म्हणून मिळकतीची यादी तुम्ही द्यायची. टॉवरच्या जागेची आखीव पत्रिका काढा, नगर भूमापनची नक्कल ऑनलाइनही मिळते. महारेराच्या पानावर त्याच बिल्डरचे दुसरे प्रकल्प आणि त्यातली न विकलेली युनिट दिसतात, ती छापा. प्रकल्पाचं बँक खातं त्याच पानावर आहे. एग्रीमेंटमध्ये किंवा नोंदणीच्या संकेतस्थळावर त्याच्या इतर मिळकती सापडतात. हे सगळं एका अर्जाला जोडून 'खालील मिळकतींवर जप्तीची कारवाई करावी' असं नेमकं लिहा, आवक क्रमांक घ्या, आणि त्यानंतर दर महिन्याला त्या क्रमांकाचा हवाला देऊन एक ओळीचं स्मरणपत्र. क्लार्कशी भांडून फायदा नाही. त्याच्या टेबलावर सगळ्यात तयार फाईल तुमची असली पाहिजे, म्हणजे तो तीच आधी उघडतो. पाच-सहा बुकिंगवाले एकत्र गेले तर आणखी बरं. प्रत्येकाचं वॉरंट वेगळं, पण यादी तीच चालते.

बिल्डर अपिलात गेला तर घाबरू नका. ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासह आधी भरल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. उलट पैसा न्यायाधिकरणात सुरक्षित जमा होतो.

घाबरायचं ते दिवाळखोरीला. कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी चालवणारं न्यायाधिकरण) दाखल झाली की वसुली थांबते. पेपरात जाहीर सूचना येते, त्यात दिलेल्या तारखेच्या आत दावा भरा. बुकिंगवाल्यांना कायद्यानं वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्यासारखं, मानलं आहे. दावा न भरणारा यादीच्या बाहेर राहतो.

स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी

एग्रीमेंट नोंदवलं असेल तर शेवटी रद्द लेख नोंदवावा लागतो. तो पैसे खात्यात आल्यावर किंवा डिमांड ड्राफ्ट हातात पडल्यावरच, त्याच दिवशी, आणि त्यात रक्कम, ड्राफ्ट क्रमांक आणि 'ताबा दिलेला नव्हता' हे वाक्य पाहिजेच. स्टॅम्प ड्युटी परत मिळते ती या वाक्यावर. एग्रीमेंटच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत रद्द लेख नोंदवायचा आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नोंदणी फी गेली ती गेली.

जीएसटी बिल्डरनं क्रेडिट नोट (आधीचं बिल कमी केल्याचा कागद) काढून परत द्यायचा असतो. 'आता मुदत संपली, आमच्या हातात नाही' असं तो म्हणाला तर डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाला स्वतः परतावा मागता येतो. पॅनवर तात्पुरती नोंदणी करून जीएसटी पोर्टलवर अर्ज भरायचा. रद्द झाल्याच्या पत्राच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि सोबत बिल्डरकडून कर भरल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र समझोत्याच्या वेळीच, चेकसोबत, मागून घ्या. पैसे देऊन मोकळा झालेला बिल्डर नंतर त्या एका कागदासाठी फोन उचलत नाही.